टेप न लावलेली लाइन : जीआय फिटिंगचा टेबललॅम्प घरी कसा करावा

"फ्लँज एक, सहा इंची निपल दोन, चार इंची एक, दोन इंची एक, एल्बो दोन, टी एक, एंड कॅप एक. सगळं अर्धा इंची." मी जीआयच्या, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, फिटिंगची यादी वाचून दाखवली : तळाची चकती, दोन्ही टोकांना आटे असलेले नळीचे तुकडे, काटकोनी वळणं, तीन तोंडांचा जोड आणि टोपण. शेठनी न विचारताच ढिगावर टेफ्लॉन टेपची दोन रिळं ठेवली.

"टेप नको."

"मग काय सफेदा-सुतळी लावणार? आता कोण लावतंय ते!"

"काहीच लावणार नाही."

"गळेल मग."

"पाणीच नाहीये शेठ. दिवा करायचाय."

शेठनी रिळं परत बरणीत टाकली. पटलेलं मात्र दिसलं नाही.

त्यांची चूक नव्हती. नळकाम म्हणजे आट्यांमधली फट बुजवण्याचं काम. दिव्याच्या कामात त्याच आट्यांमध्ये लोखंडाला लोखंड उघडंवाघडं भिडावं लागतं, कारण अर्थिंग त्या आट्यांमधूनच जातं. मी केलेल्या पहिल्या दिव्याला प्रत्येक जोडावर टेप होती, आटे रंगवलेले होते आणि जोड नुसते हाताने आवळलेले होते. तीन पिनांची वायर होती, अर्थिंगही खाली फ्लँजला नीट जोडलेलं होतं. आठवड्याभराने बल्ब बदलताना बोटांना झिणझिण्या आल्या. टेस्टर लावून पाहिला. फ्लँजला लागेना, खालच्या पाइपला लागेना, वरच्या एल्बोला मात्र लख्ख पेटला. एल्बोपाशी पाइपच्या आतल्या धारेने वायर सोलली गेली होती आणि टेपने वरचा हात खालच्या अर्थिंगपासून अलग करून ठेवला होता. तळाशी अर्थिंग असूनही दिव्याचा अर्धा भाग जिवंत होता.

पुढची सगळी कृती त्या झिणझिण्यांच्या अनुभवातून बसवली आहे.

आधी भिंतीतला सॉकेट

सामान आणण्याआधी दिवा ज्या सॉकेटला लावणार त्याच्या तिसऱ्या भोकाला खरंच अर्थिंग आहे का, ते तपासून घ्या. जुन्या चाळींत आणि वाड्यांत वरचं मोठं भोक नुसतं शोभेला असतं, मागे वायरच नसते. वायरमनकडून मीटर लावून घ्या. फेज आणि अर्थमध्ये साधारण २३० व्होल्ट दिसायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच्या आत. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, असेल तर फारच उत्तम.

अर्थिंग नसेल तर २३० व्होल्टवर लोखंडी दिवा करूच नका. त्याऐवजी १२ व्होल्टचा चांगल्या कंपनीचा ॲडॉप्टर आणि सोलरच्या दुकानात मिळणारा १२ व्होल्टचा एलईडी बल्ब घ्या. पाइप तेच, रूप तेच आणि धातूला हात लागला तरी भीती नाही. घरात रांगणारं मूल असेल तर सॉकेट चांगला असूनही मी हाच मार्ग सांगेन.

सामान

अर्धा इंची पाइप हा एक गमतीचा प्रकार आहे. मोजपट्टी लावलीत तर त्यात अर्धा इंच कुठेच सापडत नाही. बाहेरून तो सुमारे २१.३ मिलिमीटर, आतून १६च्या आसपास. जुन्या जाड नळ्यांचं माप नावापुरतं राहिलं, इतकंच. आटे मात्र पक्के : इंचाला १४, कोन ५५ अंशांचा. हा कोन जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली इंग्लंडात ठरवला आणि आपल्या नळांवर तो आजही आहे. अमेरिकेतल्या मंडळींनी इथे जपून राहावं. तिकडच्या अर्धा इंची पाइपालाही इंचाला १४च आटे असतात, पण कोन ६० अंशांचा. इथून हौसेने नेलेली पितळी तोटी तिकडच्या टीमध्ये नीट बसत नाही.

पाइप कापून आटे पाडून घ्यायची गरज नाही, तयार निपल मिळतात. तरी लांब तुकडा कापून घ्यायचाच असेल तर पाइपवरचा पट्टा बघा : पिवळा हलका, निळा मध्यम, लाल जड. दिव्याला पिवळा पुरतो, माझी पसंती निळ्याला, कारण वजनामुळे दिवा ठाम उभा राहतो. फ्लँज म्हणजे चार भोकांची, मधे आटे असलेली चकती. ती गल्लीतल्या दुकानात नसेल तर मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात रविवार पेठ आहेच. विजेचं सामान मुंबईत लोहार चाळ, पुण्यात तपकीर गल्ली.

होल्डर ई-२७, म्हणजे पेचाचा घ्या. घरातले नेहमीचे बल्ब खटक्याचे, बी-२२ असतात, पण जुन्या धाटणीचे फिलामेंटसारखे दिसणारे एलईडी बहुतेक पेचाचेच मिळतात. होल्डर पितळी असावा, आत अर्थचा स्वतंत्र स्क्रू असावा आणि तळाला १० मिलिमीटरचे आटे असावेत. सोबत त्याच आट्यांची छोटी पोकळ नळी आणि दोन चेकनट, म्हणजे पातळ नट, घ्या. झुंबराचं सामान विकणाऱ्याकडे हे सगळं एका ठिकाणी मिळतं. नळवाल्याकडची पाव इंचाच्या निम्मी, म्हणजे एक-अष्टमांश इंची निपल दिसायला अगदी तशीच असते, पण आट्यांचं अंतर किंचित वेगळं असल्यामुळे ती अर्धवट बसून अडकते. म्हणून होल्डर खिशात घेऊनच दुकानात जा आणि तिथेच फिरवून बघा.

वायर तीन कोअरची, गोल, ०.७५ चौरस मिलिमीटरची, अडीच-तीन मीटर. तीन पिनी टॉप, म्हणजे प्लग, ६ अँपिअरचा. कनेक्टर पट्टीचे तीन खण, केबल दाबायची क्लिप, एक रिंग लग, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवायची कडी. बैठकीला लाकूड : माझ्याकडे जुन्या सागवानी चौकटीचा तुकडा होता, आठ इंच चौरस आणि दीड इंच जाड. असा तुकडा किलोच्या आसपास भरतो आणि दिवा पुढे झुकत नाही. प्लायवूडचे दोन थर चिकटवूनही चालेल.

टीचं एक तोंड रिकामं राहतं, त्यात मी जुन्या बाजारातून आणलेली पितळी तोटी लावतो. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले. त्या काळच्या गॅसच्या दिव्याला खरोखरच नळीतून गॅस येई आणि तोटी फिरवूनच तो कमीजास्त करत. आपल्या तोटीने काहीच होत नाही. पाहुणे मात्र ती फिरवून बघतातच.

धुणं, घासणं आणि रंगाचा मोह

नव्या फिटिंगवर तेलाचा थर असतो. आट्यांत काळा चिकट गाळ बसलेला असतो तो वेगळाच. आधी भांड्यांच्या साबणाने आणि ताराच्या ब्रशने धुवा, वाळल्यावर थिनरच्या फडक्याने पुसा.

आता सगळ्यात महत्त्वाचा पाच मिनिटांचा उद्योग. प्रत्येक निपलच्या तोंडात करंगळी घाला आणि आतून फिरवा. धार लागते? पाइप कापताना ती कड आत वळलेली असते. माझी वायर हिनेच सोलली होती. गोल कानस घेऊन ती कड आतून उतरवा, करंगळी गुळगुळीत फिरेपर्यंत. निपल चार म्हणजे तोंडं आठ. एकही सोडू नका. मग फुंकून, ओल्या फडक्याने आतला कीस काढा.

रंगाबद्दल माझं मत स्पष्ट आहे : जस्ताचा करडा रंग तसाच ठेवावा. काळा मॅट हवाच असेल तर जस्तावर थेट स्प्रे मारू नका, महिन्याभरात पापुद्रे सुटतात. आधी पॉलिश पेपर, मग जस्तावर चालणारा एचिंग प्रायमर, मग रंग. त्याआधी सगळ्या आट्यांवर, बाहेरच्या आणि आतल्याही, मास्किंग टेप किंवा कागदाचे बोळे बसवा. रंग लागलेला आटा म्हणजे टेप लावलेलाच आटा. जस्त उडवण्यासाठी पाइप गॅसवर तापवायचा किंवा ॲसिडमध्ये बुडवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तापलेल्या जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, वेल्डिंगवाल्यांना विचारा. जस्ताचा थर नसलेला काळा पाइपही मिळतो, पण मुंबईत किंवा कोकणात एका पावसाळ्यात तो तांबूस पडतो.

कॅपला भोक

फिटिंगमध्ये ड्रिल लागतं ते या एका भोकासाठी. कॅप हातात धरून ड्रिल मारू नका, ती गरकन फिरते आणि बोटं सोलते. ती सहा इंची निपलवर चढवा आणि निपल शिकंज्यात धरा. मधोमध पंचाने खूण करा, आधी चार मिलिमीटरचं भोक, मग दहाचं. वेग कमी, तेलाचे दोन थेंब, डोळ्यांवर चष्मा. हे बीड मऊ असतं, काळी भुकटी पडत सरळ कापलं जातं. ड्रिल नसेल तर कुठलाही लेथवाला पाच मिनिटांत करून देतो.

भोकातून पोकळ नळी घाला, आत एक चेकनट, बाहेर एक, आणि घट्ट आवळा. चेकनट जिथे बसतात तिथला धातू उघडा हवा. शेड लावायची असेल तर ती बाहेरच्या चेकनटच्या खाली अडकवा. अॅल्युमिनिअमचं जुनं वाडगं यासाठी छान. इनॅमलचं दिसतं अधिक देखणं, पण भोक पाडताना तडकतं. शेडशिवाय उघडा बल्ब फोटोत बरा वाटतो, रात्री समोर बसून वाचायला लागलात की डोळ्यांत खुपतो.

पाइप जोडणं

क्रम असा : फ्लँज, सहा इंची निपल, टी, दुसरी सहा इंची निपल, एल्बो, आडवी चार इंची निपल, दुसरा एल्बो, खाली तोंड केलेली दोन इंची निपल. कॅप अजून बाजूला ठेवा. हाताने जाईल तितकं फिरवा, मग पाइप पान्याने अर्धा ते एक वेढा. पान्याचे दात जस्तावर चरे पाडतात, म्हणून खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा. दोन पाने हवेत, एक धरायला आणि एक फिरवायला.

अडचण येते ती दिशेची. एल्बो पुरता आवळला आणि त्याचं तोंड भिंतीकडे झालं, की हात आपोआप तो उलटा फिरवून सैल करायला जातो. प्लंबर हे कधीच करत नाही, कारण जोड गळतो. आपल्याकडे गळायला काही नसलं तरी जोड डुगडुगतो आणि अर्थचा संपर्क जातो. निपलची बाजू पालटून बघा, दोन्ही टोकांचे आटे क्वचितच सारखे असतात. एल्बोंची अदलाबदल करा. तरीही जमलं नाही तर अर्धा इंची चेकनट आधी निपलवर चढवून ठेवा, एल्बो हव्या त्या दिशेला आणा आणि चेकनट त्याच्यावर आवळून कुलूप लावा.

बैठक आणि वायर

लाकडाच्या मध्यावर वरपासून खालपर्यंत १६ मिलिमीटरचं भोक पाडा. मग लाकूड उलटं करून त्या भोकाभोवती पटाशीने खळगा कोरा, कनेक्टर पट्टी आरामात मावेल एवढा. खळग्यापासून मागच्या कडेपर्यंत वायरीसाठी खाचही करा. फ्लँज स्क्रूंनी न बसवता आरपार बोल्टने बसवा. एका बोल्टचं खालचं टोक त्या खळग्यातच यायला हवं, तिथे अर्थ जोडायचा आहे.

वायर सगळे पाइप आवळून झाल्यावरच ओढायची. आधी घालून मग फिटिंग फिरवलीत तर आत तिला पीळ पडतो. पातळ सुतळीला एक छोटा नट बांधा, फ्लँजकडून आत सोडा आणि दिवा हातात घेऊन हळूहळू कलता करत न्या. नट खडखडत एल्बोंतून वळतो आणि पलीकडून टपकन बाहेर पडतो. त्या सुतळीला केबल बांधा, केबलवर टाल्कम पावडर चोळा, एकाने ढकलायचं आणि दुसऱ्याने ओढायचं. केबल बाहेरच्या आवरणासकट जाऊ द्या. आवरण फक्त शेवटच्या दोन इंचांत, पोकळ नळीतून जाण्यापुरतं सोला आणि तेवढ्या भागावर स्लीव्ह चढवा.

मग कॅप चढवून आवळा. केबल तिच्यातून मोकळी सरकत असते, म्हणून पीळ पडत नाही. होल्डरचा तळ नळीवर फिरवून बसवा आणि त्यानंतरच वायरी जोडा. बाजारात रंगांच्या दोन्ही पद्धती आहेत : लाल-काळा-हिरवा किंवा तपकिरी-निळा-हिरवापिवळा. लाल वा तपकिरी म्हणजे फेज. पेचाच्या होल्डरमध्ये फेज मधल्या पत्तीला आणि न्यूट्रल बाहेरच्या पेचाला, हे कधीही उलटं करायचं नाही. उलटं झालं तर बल्ब फिरवताना बोट ज्या कडेला लागतं ती कडच जिवंत असते. खटक्याच्या होल्डरला हा फरक फारसा पडत नाही, त्यामुळे बऱ्याच जणांना ही सवयच नसते. हिरवी वायर होल्डरच्या अर्थच्या स्क्रूला.

खाली खळग्यात कनेक्टर पट्टी. तिच्या एका बाजूला पाइपातून आलेली केबल, दुसऱ्या बाजूला टॉपकडे जाणारी. अर्थच्या खणातून एक छोटा हिरवा तुकडा जास्तीचा काढा, त्याला रिंग लग दाबा आणि तो फ्लँजच्या बोल्टवर नटाखाली आवळा. अर्थिंग आता दिव्याच्या दोन्ही टोकांना झालं, मधला एखादा जोड दगा देऊ लागला तरी कुठला भाग एकटा पडत नाही. बाहेर जाणारी केबल क्लिपने लाकडाला पक्की दाबा, ओढ कनेक्टरच्या स्क्रूंवर येता कामा नये. खळग्यावर हायलमची, म्हणजे वीज न वाहणारी, पट्टी आणि बैठकीला खालून फेल्ट.

टॉपमध्ये एल, एन, ई अशी अक्षरं असतात, म्हणजे फेज, न्यूट्रल आणि अर्थ. त्याप्रमाणे जोडा. दोन पिनी टॉप लावायचा नाही, कितीही घाई असली तरी.

स्विचसाठी टीमध्ये टॉगल बसवलेले फोटो दिसतात. अर्ध्या इंचाच्या टीमध्ये चांगल्या टॉगलचं पोट मावत नाही, त्यासाठी टी एक इंचाची लागते आणि दिवा बोजड होतो. आपल्याकडे सॉकेटशेजारी स्विच असतोच, मी तोच वापरतो. वायरीवर बेड स्विच हवा असेल तर त्यात फक्त फेज तोडायची. अर्थची वायर न तोडता सरळ पुढे जायला हवी.

पहिल्यांदा लावण्याआधी

बल्ब न लावता, टॉप हातात घेऊन मीटर रेझिस्टन्सवर ठेवा. आधी मीटरच्या दोन काड्या एकमेकींना टेकवा, स्वस्त मीटर तिथेच अर्धा ओहम दाखवतो, तेवढा वजा धरायचा. मग एक काडी टॉपच्या मोठ्या पिनेला आणि दुसरी क्रमाने फ्लँज, खालची निपल, टी, तोटी, वरची निपल, दोन्ही एल्बो, कॅप, होल्डर, शेड यांना. प्रत्येक ठिकाणी एक ओहमच्या आत यायला हवं. एखाद्या एल्बोला आकडा उड्या मारत असेल तर तो जोड उघडा, आटे ब्रशने घासा, पुन्हा आवळा. त्यानंतर फेजच्या पिनेपासून अंगाला आणि न्यूट्रलच्या पिनेपासून अंगाला : दोन्हीकडे मीटरने काहीच जोड दाखवता कामा नये. फेजच्या पिनेपासून होल्डरच्या मधल्या पत्तीला मात्र दाखवायला हवा.

मग ओळखीच्या वायरमनकडे जाऊन त्याच्या सीरिज बोर्डवर लावा. त्या बोर्डात १०० वॉटचा साधा बल्ब वाटेत बसवलेला असतो. आपल्या दिव्यात शॉर्ट असेल तर त्याचा बल्ब भगभगीत पेटतो आणि बाकी काही जळत नाही. सगळं ठीक असेल तर त्याचा बल्ब काळाच राहतो आणि आपला चार वॉटचा एलईडी पेटतो. बल्ब २७०० केल्विनचा घ्या, पितळ आणि सागवान त्या पिवळ्या उजेडात खुलतात. जुन्या पद्धतीचा ४० किंवा ६० वॉटचा तारेचा बल्ब लावलात तर शेड आणि कॅप तापून हात लावू देत नाहीत.

पावसाळा संपला की जस्तावर कुठेकुठे पांढरी भुकटी दिसते. टॉप काढून ती ब्रशने झाडा, मेणाचा पातळ हात द्या आणि मीटरची ती फेरी पुन्हा एकदा करा. माझ्या टेबलावरच्या दिव्याचा दुसरा एल्बो दर दिवाळीच्या आधी पाव वेढा घ्यायला लागतो.

गेल्या महिन्यात त्याच शेठकडे पुढच्या दिव्याचं सामान आणायला गेलो. यादी वाचायच्या आधीच त्यांनी विचारलं, "टेपशिवाय ना?" आणि बिलाच्या शेवटी टेपचं एक रीळ लावलंच होतं. ते बाथरूमच्या नळाला कामी आलं.